बेचाळीस अंडी आणि शेजारधर्म

जुझाआजीने डेटा सेंटरला बॉम्ब लावला, ही बातमी केम्प्स क्रीकच्या पेट्रोल पंपावर सकाळी नऊला आली. दहापर्यंत बॉम्बचे दोन झाले होते. खरं म्हणजे ती अंडी होती. बेचाळीस.

नवऱ्याने जन्मभर जपलेली काळ्या माल्टीज कोंबड्यांची जात. अंडी उबवणी यंत्रात ठेवली आणि त्याच आठवड्यात कोल्ह्याने शेवटचा कोंबडा उचलला. आता वंश होता तो या अंड्यांतच. पंधराव्या दिवशी पत्र आलं: डेटा सेंटरच्या नव्या इमारतीला जोडणी द्यायची आहे, मंगळवारी आठ ते चार तुमची वीज बंद. तीही ऐन जुलैच्या गारठ्यात; इकडे हिवाळा जुलैतच येतो.

आजीने कंपनीच्या ब्रेंडनला फोन लावला. गोड बोलणं हीच त्याची नोकरी.

"आजी, आम्हाला तुमची काळजी आहे. आपण शेजारी आहोत."

"मग शेजाऱ्या, एक जनरेटर दे. चाळीस आहेत तुझ्याकडे."

"ते आणीबाणीसाठी आहेत, आजी."

"आणि माझ्याकडे काय, सहल निघालीय?"

"तुमच्या भावना मी वर पोचवतो."

भावना वर गेल्या, खाली दोन कापडी पिशव्या आल्या. त्यांवर छापलेलं: 'आम्ही तुमचे शेजारी'.

मंगळवारी आजीने त्याच पिशव्यांत लोकरीत गुंडाळून अंडी भरली आणि ती मागच्या कुंपणाशी गेली. तिथे डेटा सेंटरच्या यंत्रांचा गरम वारा बाहेर पडतो. हिवाळाभर आजी तिथेच कपडे वाळवते. म्हातारी पिशव्या ठेवून दोन पावलं मागे सरकली, एवढंच पहारेकरी फेतूने पाहिलं. त्याने फोन केला, पोलीस आले.

"पिशवीत काय आहे?"

"कोंबड्या. अजून व्हायच्यात."

पोलिसाने वाऱ्यात हात धरला. "ऊब छान आहे की!"

"असणारच. आमचीच वीज नेतात, तापवून परत फेकतात."

शरमेने फेतूने खुर्ची आणून दिली. थर्मामीटर हातात धरून आजी चारपर्यंत तिथे बसून राहिली.

"एकही निघणार नाही," मी म्हटलं. माझं घर तिच्या शेजारीच; तिच्या ओट्यावर बसून ब्रेंडनची नक्कल करणं हा माझा रोजचा उद्योग.

"लाव पैज. एक जरी पिल्लू निघालं, तर ब्रेंडनची नक्कल माझ्या ओट्यावर नाही, कंपनी गावकऱ्यांची सभा घेते ना, त्या भर सभेत त्याच्यासमोर करायची."

एकोणतीस निघाली. सभा गुरुवारी आहे. आजीने पहिल्या रांगेतली खुर्ची आत्ताच धरून ठेवलीय.