तिन्ही कंप्युटरवरची आई

आई गेली तेव्हा तिचा आवाज बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तेवढा उरला. शूटिंग आमचंच होतं. पंगत चालू असताना ती बाबांना विचारते, "अवो, तुमी जेवले का नाई अजून?" एवढंच. बाबा रोज दुपारी दुसरबीडच्या आमच्या फोटो स्टुडिओत यायचे, खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "लाव बरं तुह्या मायले."

तो व्हिडिओ हरवू नये म्हणून मी तीन कंप्युटर एकमेकांना जोडले होते: दुकानातला, घरचा आणि धाकट्या भावाच्या बुलढाण्याच्या दुकानातला. एकावर फाइल टाकली की इंटरनेटवरून बाकी दोन्हींवर आपोआप उतरायची. मला त्याचा भारी माज होता. एक जळाला तरी दोन आहेत, असं येईल त्याला ऐकवायचो. एकावर पुसलं की तिन्हींवर पुसलं जातं, हे आम्हा दोघा भावांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

खंडेनवमीला आम्ही कॅमेरे, कंप्युटर पुसून पूजेला मांडतो. मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाही. त्या वर्षी सकाळी पूजेआधी भावानं बुलढाण्याला त्याच्या कंप्युटरवरची धूळ तर पुसलीच, आतली जुनी लग्नंही साफ केली. माझे दोन्ही कंप्युटर तेव्हा झेंडूच्या हाराखाली बंद होते, म्हणजे आई अजून होती. दसऱ्याला मी हौसेनं ते सुरू केले आणि त्यांनी गुपचूप भावाची नक्कल केली. वर मी नव्या लग्नांचं शूटिंग त्यात ओतलं.

बाबा तेव्हा बहिणीकडे गेले होते. परत आले, खुर्ची ओढली, आणि मी फोल्डर उघडलं तर रिकामं. भावाला फोन लावला.

"दादा, मले वाटलं तुह्यापाशी हायेच."

मी त्याला नाही नाही ते बोललो. बुलढाण्याच्या दुरुस्तीवाल्यानंही हात वर केले. जुन्यावर नवं बसलं होतं.

"काऊन बे, तीन जागी ठेवलं म्हने ना तू?" बाबा एवढंच म्हणाले. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

अजूनही ते दुपारी येतात. कधी विचारतात, ती कशी म्हणायची रे? मी म्हणून दाखवतो.

"अशी नव्हती म्हनत ते," बाबा मान हलवतात.

मग कशी म्हणायची, ते त्यांना सांगता येत नाही. मलाही नाही.