मुरादने निवडलेले ड्रिल मशीन

मुराद आमच्या मागच्या गल्लीत राहतो. वय बावन्न, अंगाने काटक, बोलायला मऊ. सोळा वर्षे तो कुवेतला पाइपच्या कारखान्यात होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तिथेच गेले. अपघाताच्या कागदावर कंपनीने लिहिले होते की कामगाराने हातमोजे घातले नव्हते. तो कागद त्याने मला वाचायला आणून दिला होता, कारण इंग्रजी त्याला बोलता येते, वाचता येत नाही. मी मराठीत अर्थ सांगितला, तशी त्याने मान डोलावली. त्या दिवशी मोजे घामाने भिजले होते, म्हणून काढून ठेवले होते, एवढेच म्हणाला.

महाडला परतल्यावर बरीच वर्षे त्याने पडेल ते काम केले. २०२१च्या पुरानंतर गल्लोगल्ली मोडक्या दाराखिडक्यांचे ढीग साचले. लोक ते जळणाला नेत होते. मुरादने त्यातून शिवण, फणस, खैर असे तुकडे वेचून गच्चीवर वाळवले आणि एका लहान लेथवर त्यांची पेने कातू लागला. काम दिसायला साधे आहे. लाकडाच्या बोटभर तुकड्यात आरपार भोक पाडायचे, त्यात पितळेची नळी बसवायची आणि बाहेरून गोल कातायचे. कातण्यात त्याचा हात बसला होता. घोडे अडायचे भोकापाशी. हातातल्या ड्रिलने ते तिरके जाई आणि कातता कातता एका बाजूने पितळ उघडे पडे. दहातली चार पेने वाया जात.

हिरकणीवाडीला पूनमचा स्टॉल आहे. रायगड पाहायला येणारी माणसे तिच्याकडे सरबत पितात आणि मुरादची पेने विकत घेतात. गेल्या वर्षी तिने दिवाळीच्या सुट्टीसाठी दोनशे पेने मागितली. मुराद हो म्हणून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. टेबलावर बसवायचे ड्रिल मशीन घ्यायचे आहे, माहितीपत्रक वाचायला सोबत याल का, असे त्याने विचारले. मागे नुरजहाँ, त्याची बायको, पदर तोंडाशी धरून उभी होती.

"काकी, तुम्हीच सांगा याला. त्या हाताला तीनच उरलीत. तीही गेली तर पटाशी कशानं धरणार?"

मुराद हसला, पण डावा हात त्याने नकळत पाठीमागे नेला. ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आहे.

आम्ही तिघे बाजारपेठेत विनोदच्या हत्यारांच्या दुकानात गेलो. तिथे एक नवे मशीन होते. हलके, निळ्या रंगाचे, समोर तळहाताएवढे लाल बटण. मी कागद वाचून दाखवत होते आणि मुराद एकेक गोष्ट तपासत होता. चक, म्हणजे भोक पाडणारे टोकदार बिट धरणारा जबडा, फिरताना किंचित डगमगत होता. हँडल पूर्ण ओढले तरी बिट दोनच इंच खाली येत होते. मुरादच्या पेनाचा तुकडा अडीच इंचाचा. म्हणजे अर्धे भोक पाडून थांबायचे, टेबल वर चढवायचे आणि पुन्हा बिट घालायचे. मुरादने मशीन पाच वेळा चालू केले, पाच वेळा बंद केले.

"मुरादभाय, बायको बघायला तरी इतका वेळ लावलात का?" विनोद म्हणाला.

"तिचा चक डगमगत नव्हता," मुराद म्हणाला. नुरजहाँ हसली नाही.

विनोदनेच मग सांगितले की पोलादपूरला अनिल म्हणून एकाचे बंद पडलेले वर्कशॉप आहे, तिथे जुने बिडाचे मशीन पडून आहे. दुसऱ्या दिवशीच जायचे ठरले. त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली. मला राहून राहून तो कुवेतचा कागद आठवत होता. मी बाजारात जाऊन जाड सुती हातमोजे आणले आणि मुरादला दिले. मशीनला हात लावायचा तर हे घालूनच, अशी त्याला शपथ घातली. त्याने ते खिशात ठेवले.

एसटीने आम्ही तिघे पोलादपूरला गेलो. अनिलचे मशीन खरोखर भारी होते. दोघांनी ढकलूनही हलले नसते. चक तसूभरही डगमगत नव्हता, बिट चार इंच खाली येत होते. मुरादचा चेहरा उजळला. मला मात्र ते मशीन पाहून बरे वाटले नाही. वरचा पट्टा उघडाच फिरत होता, आणि चालू-बंद करायचे बटण मागच्या भिंतीवर होते. तिथे पोचायचे तर फिरत्या बिटावरून हात न्यावा लागे. मी तसे म्हटले. बटण काय, पुढे आणता येईल, मुराद म्हणाला. अनिलने मशीन पुन्हा चालू करून दिले आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

मुरादने खिशातून फणसाचा तुकडा काढला. मग माझ्याकडे पाहून मोजे काढले आणि दोन्ही हातांत घातले. उजव्या हाताने हँडल, डाव्या हाताने लाकूड. बिट लाकडात शिरले, पिवळा भुसा वर आला. भोक सरळ जात होते. मी वाकून तेच पाहत होते, म्हणून पुढचे मला अगदी जवळून दिसले. डाव्या मोज्याची दोन रिकामी बोटे लाकडाच्या कडेवर लोंबत होती. त्यातले एक बिटाला लागले.

मुराद ओरडलासुद्धा नाही. त्याचा हात मनगटासकट आत ओढला गेला. मशीनचा आवाज जराही बदलला नाही. बटण भिंतीवर, मधे ते फिरणारे बिट. नुरजहाँने मागून त्याचे कोपर दोन्ही हातांनी कवटाळले आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ती खाली बसली. हात सुटला. दोन बोटे नसल्याने मोजा आधीच सैल होता, म्हणून सुटला. मोजा एकटाच चकाभोवती फट्फट् आपटत फिरत राहिला.

अनिल धावत आला आणि त्याने मेन स्विच पाडला. मुरादच्या अंगठ्याचे कातडे सोलले होते, मनगट सुजू लागले होते. तीनही बोटे शाबूत होती. नुरजहाँ ती पुन्हा पुन्हा मोजत होती.

"मोजे घालून ड्रिलवर?" अनिल म्हणाला. "कुणी शिकवलं हे? पत्रा उचलताना मोजे घालायचे. फिरत्या बिटाला उघडा हात."

मुराद म्हणाला, "मीच घेतले. गल्फची सवय."

मोजे मी दिले होते, हे मी तिथे सांगितले नाही. एसटीतही नाही. चार दिवसांनी मी नुरजहाँला खरे सांगितले. ती भांडी विसळत होती. तिने वर पाहिले नाही. म्हणाली, तिला त्याच दिवशी कळले होते. मुराद कधी कोरे मोजे विकत घेत नाही.

पुढचे तीन आठवडे लेथ बंद होता. सूज उतरली, तरी मुराद ओट्यावर बसून राही. पूनमचा फोन आला की नुरजहाँ घ्यायची आणि होतायत म्हणायची. नको हे काम, रिक्षा चालव, असे ती त्याला रोज सांगे. त्याचे उत्तर एकदाच माझ्या कानावर आले: "रिक्षाचा क्लच कुठल्या हातात असतो, माहीत हाय ना?"

मग एका सकाळी तो आपण होऊन विनोदच्या दुकानात गेला. मीही गेले. या वेळी त्याने चक पाहिला नाही, हँडल ओढून पाहिले नाही. मशीन चालू करायला सांगितले, दोन पावले मागे सरला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने लाल बटण चाचपले. एकदा चुकले. पुन्हा केले. आठ-दहा वेळा हात थेट बटणावर पडल्यावर त्याने डोळे उघडले. त्याच्या कपाळावर घाम होता. विनोदने या वेळी थट्टा केली नाही. लाकूड आवळून धरणारा लोखंडी वाइस त्याने आपणच आणून काउंटरवर ठेवला.

दोन इंचांत अडीच इंचाचे भोक बसत नाही, हे मी त्याला घरी येताना म्हटले. त्यावर तो म्हणाला की पेनच दोन तुकड्यांचे करीन, मधे पितळेची कडी घालीन. तुकडा सव्वा इंचाचा झाला की टेबल हलवायला नको, हात जवळ न्यायला नको. डगमग आहे तिच्यापुरती नळीभोवती जागा ठेवायची.

मशीन बसवले त्या दिवशी मी त्यांच्या खिडकीपाशी बसले होते. खैराचा तुकडा वाइसमध्ये आवळला होता. मुरादने चालू केले, हँडल धरले आणि तसाच उभा राहिला. अडचण डाव्या हाताची होती. त्याला आता कामच नव्हते. लाकूड धरायच्या सवयीने तो आपोआप पुढे सरके, मुराद मागे घेई, तो पुन्हा सरके. दोनदा त्याने मशीन बंद केले. तिसऱ्यांदा नुरजहाँ उठली, तिने तो डावा हात त्याच्या पाठीमागे नेला आणि आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला.

"आता पाड," ती म्हणाली.

भोक सरळ गेले.

त्या दिवाळीला पूनमला एकशे चाळीस पेने मिळाली, बाकीची नाताळात. आजही भोके पाडायची असली की मुराद हाक मारतो आणि नुरजहाँ चुलीवरचे उतरवून येते, मागे उभी राहून डावा हात धरते, मोटर थांबेपर्यंत सोडत नाही. मी एकदा तिला विचारले, आता तरी भीती गेली असेल ना त्याची. ती म्हणाली, भोक संपेपर्यंत त्याचा हात बर्फासारखा गार असतो.