सारवलेल्या अंगणातला गोल्फ

अर्ध्या तिकिटाची मजा आम्हा दोघांना विचारा. मी बाई म्हणून माझं अर्धं, आमचे हे पासष्टी ओलांडलेले म्हणून त्यांचं अर्धं. एका माणसाच्या भाड्यात आम्ही दोघं एसटीनं नाशिकहून निघालो, तेही गोल्फ खेळायला! हसा खुशाल. आमच्या शेजारणीही हसल्याच.

फौजेत असताना साहेबांच्या गोल्फच्या काठ्या वाहता वाहता ह्यांनी खेळ उचलला आणि तो अंगातच मुरला. इच्छा एकच, पहिल्याच फटक्यात बॉल होलमध्ये जावा. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर म्हणाले, "तो फटका एकदा बसू दे, काठ्या देऊन टाकतो. पुन्हा नाव काढणार नाही." मी म्हटलं, देव पावो. लग्नापासून त्या काठ्यांनी माझ्या कपाटामागची जागा अडवली होती.

मोठ्या क्लबांची फी काही आपल्याला झेपत नाही. पण ह्यांच्या पलटणीतल्या सुभेदार गणपतरावांनी माण तालुक्यात आपल्या पडीक माळावर स्वतःच गोल्फचं मैदान केलंय असं कळलं. राहणं त्यांच्याकडं, जेवणही त्यांच्याकडं. मग कशाला थांबतोय!

चादरीत बांधलेल्या काठ्या बघून कंडक्टरनं विचारलं, पडद्याचे रॉड का? झालं, उंब्रजच्या चहापर्यंत ह्यांनी त्याला गोल्फ शिकवला. बिचारा उतरताना आमच्याकडं न बघताच उतरला.

पहिला मुक्काम सांगली जिल्ह्यात कुंडलला, माझ्या भाचीकडं. ऊस तुटून मोकळं झालेलं रान दिसलं आणि ह्यांना दम धरवेना. पहिलाच बॉल शेजारच्या उभ्या उसात गडप. भाचीचे सासरे मिशीत हसले. "आवं पाव्हणं, आता त्यो कारखान्यातच गावंल, साखरंत." रात्री आमटी-भाकरी झाली आणि सकाळी भाचीनं बरोबर गुळाची ढेप दिली. पिशवी जड झाली, पण कुरकुर कोण करणार?

विटा मागं पडलं तशी हिरवळ विरळ होत गेली. दहिवडीच्या पुढं नुसता माळ, वारा आणि मेंढरं. सुभेदारांनी फाट्यावरच ह्यांना मिठी मारली. त्यांच्या घरी माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली पातळ पेज) पिऊन आम्ही मैदान बघायला निघालो.

मैदान बघून मी पदर तोंडाला लावला. गवत कापायला मेंढरं होती. होलभोवती हिरवळीऐवजी चक्क शेणानं सारवलेलं अंगण, मधे पुरलेला पत्र्याचा डबा आणि काठीला लाल लुगड्याची चिंधी. सुभेदारीणबाई म्हणाल्या की सण असो नसो, सारवणं त्यांच्याच गळ्यात असतं. आमची तिथंच गट्टी जमली.

शेवटचा होल टेकाडापलीकडं होता. ह्यांनी काठी फिरवली, बॉल टेकाडावरून पलीकडं गेला. आम्ही गुडघे सांभाळत वर चढून उतरलो, तर अंगणात बॉल नाही. भोवती मेंढरं, आणि जरा लांब पारू, त्यांना राखणारी सुभेदारांची चुलतसून. ह्यांनी डब्यात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत बॉल होता आणि डोळ्यांत पाणी.

गोल्फचा रिवाज असा की असा फटका बसला की हजर असतील त्या सगळ्यांना खाऊ घालायचं. ह्यांनी दहिवडीहून जिलेबी मागवली. परतीच्या भाड्याला हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं, ते कोण ऐकतंय! संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. ह्यांनी चादरीत बांधलेल्या काठ्या सुभेदारांच्या मांडीवर ठेवल्या आणि शब्द पाळला म्हणाले. मग कोपऱ्यात जाऊन बसले, जिलेबीला हातसुद्धा न लावता. इतकी वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला होता आणि मला मेलं अजिबात बरं वाटेना.

तेवढ्यात पारूनं मला चुलीपाशी बोलावलं. घाबरली होती.

"काकू, त्यो चेंडू डब्यात गेला न्हवता. बाजूला पडला हुता. मेंढरं तुडवतील म्हणून मीच उचलून आत टाकला. चुकलं का वो माजं?"

गप्प राहिले असते तर कपाटामागची जागा जन्मभर माझी होती. पण पाय थांबेनात. मी भर ओसरीवर सगळं सांगितलं.

पारू माझ्यामागं दारात येऊन उभी राहिली होती. ह्यांनी पारूकडं पाहिलं. "म्हणजे गेला नव्हता?"

"न्हाई, काका."

ह्यांचा चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नातसुद्धा एवढा फुलला नव्हता. उठले, सुभेदारांच्या मांडीवरचं गाठोडं ओढलं आणि म्हणाले, "दे रं इकडं!" सुभेदार पोट धरून हसले. जिलेबीचं काय, असं कुणीतरी विचारलं. हे म्हणाले, पारूच्या फटक्याची समजा, आणि पहिलं वेटोळं तिच्याच हातावर ठेवलं.

परतताना एसटीत काठ्या ह्यांच्या गुडघ्यांमधे होत्या आणि गुळाची ढेप माझ्या. परतीचं भाडं शेवटी सुभेदारीणबाईंनी माझ्या हातात कोंबलं होतं. पुढच्या खेपेला मी त्यांना नाशिकचा चिवडा नेणार आहे. हे खिडकीतून माळ बघत म्हणत होते, वारा थोडा डावीकडून होता, नाहीतर गेलाच असता. माणसाची एखादी इच्छा अपुरी राहिलेलीच बरी, एवढं मला कळलं.

काठ्या पुन्हा कपाटामागं गेल्या आहेत. झाडताना केरसुणी अडकते. अडकू दे.