एका गाडीत मावणारी सहल

"मान मागं टाका. तोंड मिटा. तारा तोंडात पडंल बे!"

आमच्या सहलप्रमुख सरांचं हे ठरलेलं वाक्य. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून ते अंधार करत, पोरांना ओळीनं जमिनीवर निजवत आणि पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यांना ध्रुव, सप्तर्षी अशी नावं देत. जानेवारीत पुण्याचं तारांगण बघायला जायचं, त्याची ही तालीम गणपती बसले की सुरू होई. पोरं हसून लोळत आणि सरांना त्यांच्याहून जास्त मजा येई.

नेकनूरच्या पुढं आमची शाळा. सरांइतका लाघवी माणूस तिथं दुसरा नव्हता. कुणी काही मागितलं की, "बघू की, का न्हाई?" नकार त्यांच्या तोंडून निघतच नसे.

तुम्ही बीडकडचे असाल तर जानेवारी म्हटल्यावर तुमच्या जे लगेच ध्यानात आलं असेल, ते माझ्या फार उशिरा आलं. दिवाळी झाली की आमची निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊस तोडायला कारखान्यांकडं जातात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे तालमीला अख्खी शाळा आणि सहलीला निम्मी.

"सर, दिवाळीच्या आधी नेली तर?" मी एकदा विचारलं.

त्यांनी चहा बशीत ओतला. "मॅडम, गाडी एकच मिळती. आदी नेली तर निम्म्यांना न्हाई म्हनावं लागंल. लेकरांची तोंडं बघवतेत का? दिवाळीनंतर आपसूक बसतंय सगळं."

मला संताप आला. त्यातून ते हे अगदी मायेनं बोलत होते.

त्या साली पहाटे गाडी फाटकाशी लागली. माझं बाळ तान्हं, म्हणून मी फक्त निरोप द्यायला गेले होते. तेवढ्यात सातवीतली एक पोरगी धापा टाकत आली. गणवेश धुतलेला, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे.

"तू तर उसाला गेलतीस ना गं?" सर म्हणाले.

"मामासंगं कालच आले. तुमी तारीख सांगितलती न सर. आई सोडीना, मी लई रडले."

सरांनी भरलेल्या गाडीकडं पाहिलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास! पान्याची बाटली कुठाय? जा, पळत जा, घिऊन ये. गाडी थांबती."

ती कोपऱ्यावरून वळली आणि सरांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "चला!"

"सर! अहो सर!" म्हणत मी मागं धावले. गाडी गेली.

बाटली घेऊन ती आली तेव्हा रस्ता मोकळा होता. "घरी बाटलीच लवकर सापडंना मॅडम," एवढं म्हणाली आणि मी जवळ जायच्या आत माघारी पळाली. दुपारी मामा तिला परत फडावर घेऊन गेला.

सहलीवरून आल्यावर सरांनी हळूच विचारलं, "रडली का?"

"नाही."

"बरं झालं."

"कुणाच्याही मांडीवर बसली असती ती!" मी ओरडलेच.

"बसली आसती की. पन एकीला घेतलं का फुडल्या साली समदी येतील उसातून."

गेल्या वर्षी सर वारले. अंगणात माणूस मावत नव्हता. गर्दीत त्या पोरीचा मामा भेटला. ती शाळेत परत आलीच नव्हती; तिकडंच तिचं लग्न लावून दिलं, तीही आता कोयता घेऊन फडात उभी राहते, म्हणाला. सर गेल्याचं त्यानं तिला फोनवर कळवलं होतं.

"लई रडली वो मॅडम. म्हनली, सरांनी माझ्यासाठी लई येळ गाडी थांबवली आसंल."