प्रश्न विचारणाऱ्या रेवतीताई

रेवतीताई गेल्याचा मेसेज दोन बुकिंगच्या मेसेजच्या मध्ये आला होता. मी आधी बुकिंगना उत्तरं दिली... मग तो उघडला. काही आठवडे झाले, पण ते मनातून जात नाही.

ताई लोणावळ्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायच्या आणि डिजिटल उद्योजकतेवर संशोधन करायच्या. मळवलीतल्या आमच्या घराच्या दोन खोल्या मी मोबाईलवरून पर्यटकांना भाड्याने द्यायला लागले, तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या. त्यांच्या विभागात तेव्हा हसले होते म्हणे, खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईत कसली आलीय उद्योजकता! सुरुवातीला ताईंचेही प्रश्न साधेच होते. ॲप कोणी शिकवलं, गिऱ्हाईक कुठून येतं. बाकीचे संशोधक प्रश्नावली भरून घेऊन जायचे, ते पुन्हा दिसायचे नाहीत. ताई मात्र येत राहिल्या आणि त्यांचे प्रश्न बदलत गेले. पाहुण्याने स्टार कमी दिले की तुला झोप लागते का? धंदा नवऱ्याच्या नावावर, मग फोन तूच का उचलतेस? पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करतं? मी दिवसभर करते ते काम आहे, हे मला त्यांच्या विचारण्यातून कळलं. पुढे त्यांच्या विषयातली इतर माणसंही हेच प्रश्न विचारायला लागली, असं त्यांनी एकदा लाजत लाजत सांगितलं. मी म्हणाले, "छान की!" आणि फोन घ्यायला आत गेले.

शेवटच्या वेळी आल्या तेव्हा ओटा चढताना मध्येच थांबल्या. त्या परत निघून गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाई लय वाळल्यात गं. बरं न्हाई का त्यांना?"

"दगदग असंल, आत्या," मी म्हटलं. शनिवार तोंडावर होता, एक खोली अजून रिकामी होती... इतकी वर्षं त्या मला विचारत आल्या. 'ताई, तुम्ही कशा आहात?' एवढं मी एकदाही विचारलं नाही. त्या वर्षभर आजारी होत्या, हे मला त्या मेसेजमधूनच कळलं.

परवा त्यांच्या सहकारी मृणालबाई आल्या. ताईंचं काम आता त्या पुढे नेणार आहेत. ताई बसायच्या त्याच जागी, पडवीत खांबाला टेकून बसल्या आणि त्यांनी रेकॉर्डर सुरू केला. आत माझा फोन वाजायला लागला. मी उठले नाही.

"शेवटी ताईंजवळ कोण होतं हो?" मी विचारलं.

मृणालबाईंनी रेकॉर्डर बंद केला. फोन वाजून वाजून थांबला. डोळे पुसत त्या सांगत राहिल्या, आणि मी ऐकत बसले.