कधीच पुसला न जाणारा फोटो

बू मालसूनच्या जिभेला हाड नाही, असं कोरियातल्या जेजू बेटावरच्या त्या गावात सगळेच म्हणत. साठ वर्षं श्वास रोखून समुद्राच्या तळातून शिंपले काढणाऱ्या बाईनं वर आल्यावर तरी तोंड का आवरावं? ती अठ्ठ्याहत्तरीतही पाण्यात उतरायची. शेजारी यांग ओकह्वा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघी एकमेकींवर नजर ठेवून बुडी मारत.

त्या गावातल्या म्हाताऱ्या आपल्या अंत्यविधीचा फोटो जिवंतपणीच काढून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवतात. या दोघींचाच राहिला होता. मालसून कवडीचुंबक; आणि ओकह्वानं ओळखपत्रावरचा आपला फोटो पाहिल्यापासून कॅमेऱ्याचा धसकाच घेतला होता. "कोंबडीचोर दिसते मी त्यात," ती म्हणायची.

मग सोलहून एक कंपनी आली. चकचकीत बुटांचा पोरगा मच्छीमार संघाच्या खोलीत उभा राहिला. पाणबुड्या आज्यांचे फोटो फुकट काढणार, आणि तेच डिजिटल संग्रहवस्तू म्हणून जगभर विकणार.

"कागदाला कसर लागते, आजी. हा ब्लॉकचेनवर, जगभरच्या संगणकांच्या साखळीवर जाणार. कधीच पुसला जाणार नाही."

"मग कागदावरचा एक दे की आम्हाला," एक म्हातारी म्हणाली.

"कागदावर काढला तर जगात एकमेव कसा राहील?" त्यानं प्रत्येकीच्या हातावर एकेक कार्ड ठेवलं; त्यावर फोन धरला की तिचा फोटो उघडणार होता.

'फुकट' एवढा एकच शब्द मालसूनच्या डोक्यात शिरला. "बस गं ताई! नवी कवळी काय नवऱ्याला दाखवायला जपून ठेवलीयस?"

ओकह्वाला हसू फुटलं आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. असा देखणा, की ती पडद्याकडे बघतच राहिली. "मालसून, मी मेले की हाच लाव. दुसरा लावलास तर उठून बसेन." दोघींनी कार्डं कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी ओकह्वा झोपेतच गेली. बुसानहून मुलगी मिसुक आली. वेदीवर शेवंतीची फुलं रचली, मधली चौकट तेवढी मोकळी. मालसूननं कपाटातून ओकह्वाचं कार्ड आणून दिलं. मिसुकनं फोन त्यावर धरला. पान उघडलं. ओकह्वाचं नाव, तारीख, अनुक्रमांक, विकत घेणाऱ्याची लांबलचक खूण, सगळं जागच्या जागी. चित्राच्या जागी राखाडी चौकोन.

"कंपनी गेल्या वर्षीच बुडाली, मावशी. चित्र त्यांच्या संगणकावर होतं. साखळीवर नुसता त्याचा पत्ता."

"पत्ता? आणि पुसला जाणार नाही म्हणाला तो?"

"नोंद पुसली जात नाही."

"नोंदीला हार घालू का मी?"

घर पुरात वाहून जावं आणि दारावरची पाटी तेवढी शाबूत राहावी, असली ही चिरंतन मालकी. कुठल्याशा शहाण्यानं तो राखाडी चौकोन पाच लाख वॉन मोजून घेतला होता, आणि जगात एकटे आपणच त्याचे मालक म्हणून तो मिरवतही असेल. पोटच्या मुलीकडे मात्र आईचं तोंड नव्हतं. अक्कल गहाण टाकणाऱ्यांचा बाजार हा. त्यात म्हाताऱ्यांचे चेहरे कशाला ओढले?

घरात शोधाशोध झाली. आयुष्य पाण्याखाली काढलेल्या बाईचे फोटो असून असून किती असणार? शेवटी ओळखपत्रावरचाच मोठा करून, काळी फीत लावून चौकटीत बसवला. अस्पष्ट, वाकड्या तोंडाचा. तीन दिवस सारा गाव त्याच्यापुढे वाकला, त्याच्यासमोर बसून रस्सा-भात जेवला.

मालसून रोज लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी, शेवटचा निरोप द्यायला मात्र जावंच लागलं. शिंपले सोडवायच्या पात्यानं तिनं आपल्या कार्डाचे दोन तुकडे केले, ते खिशात कोंबले आणि वेदीपुढे आली. गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून तिनं दोनदा नमस्कार केला. मग मान वर करून फोटोकडे पाहिलं.

"कोंबडीचोरच दिसतेस, ताई," ती म्हणाली. "मीच बसवलं तुला त्या पोराच्या कॅमेऱ्यापुढे. ऊठ, आणि दे एक थोबाडीत."

ओकह्वा काही उठली नाही. मालसून तिथंच हंबरडा फोडून रडली.