कल्लिरोईची दुपारची झोप

कल्लिरोईची पन्नास वर्षं शिवणयंत्रावर गेली. बेटावरच्या निम्म्या नवऱ्या तिनेच शिवलेले झगे घालून चर्चमध्ये शिरल्या. पण दुपारी तीन ते साडेपाच तिचं यंत्र कधी वाजलं नाही. त्या वेळात तिथे सगळे झोपतात, कुणी कुणाचं दार ठोठावत नाही, अगदी पाद्रीसुद्धा.

नवरा पान्तेलिस गेला आणि तिची ती झोपही गेली. तेवढ्यात समोरच्या घरातल्या मैत्रिणीची, एव्हान्थियाची, नात थेसालोनिकीहून उशाशी ठेवायचे दोन दिवे घेऊन आली, दोघींना एकेक. गादीखाली पातळ पट्टी सरकवायची. एक मैत्रीण झोपली की दुसरीकडचा दिवा निळा, उठली की पिवळा. एव्हान्थियाला रक्तदाब. दुपारी पडलंच पाहिजे, ही डॉक्टरांची ताकीद. आणि बाईंचा हट्ट असा, "माझ्याकडचा दिवा निळा झाल्याशिवाय मी डोळा मिटणार नाही."

झाली पंचाईत. कल्लिरोईने आधी चण्यांची पिशवी गादीवर ठेवून पाहिली. दिवा फसला नाही, चणे श्वास घेत नाहीत. मग तिने मेल्पोला, आपल्या लठ्ठ मांजरीला, पान्तेलिसच्या उशीवर निजवलं. युक्ती चालली, थोड्या वेळाने कल्लिरोईच्या उशाचा दिवा निळा झाला. एव्हान्थिया झोपली होती.

सगळा उन्हाळा कल्लिरोई त्या निळ्या उजेडात खुर्चीवर बसून राहिली. खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटे. पान्तेलिस त्या पाण्यातून अनवाणी फिरतोय असं वाटे, आणि तिला बरंही वाटे, रडूही येई.

सप्टेंबरात एका दुपारी पावणेचारला दारावर थाप पडली.

"कोण गेलं?" कल्लिरोईने घाबरून दार उघडलं.

"कुणी नाही. माझ्याकडचा दिवा पिवळा झाला की तुझी मेल्पो माझ्या खिडकीत मासे मागायला हजर. आज चौथा दिवस," सपाता घालून उभी असलेली एव्हान्थिया म्हणाली. "कधीपासून झोपली नाहीस?"

"तो गेल्यापासून."

"आणि मला मात्र निजवत होतीस."

"तुझा रक्तदाब चढतो ना गं."

"वेडी आहेस." एव्हान्थिया सरळ आत आली, सपाता काढून पान्तेलिसच्या जागेवर आडवी झाली. "घोरायचा का तो?"

"भिंत हलायची."

"मग माझी सवय व्हायला वेळ लागणार नाही. ये."

कल्लिरोई आडवी झाली. शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं, एवढंच तिला हवं होतं. जरा वेळाने समोरच्या रिकाम्या घरात दिवा निळा झाला. आज तो पहिल्यांदाच खरं सांगत होता, आणि ते बघायला तिथे फक्त मेल्पो होती.